चाचणी उपकरणांची समाईक भाषा

पुणे - वाहनातील एखादा इलेक्ट्रॉनिक सुटा भाग चाकण किंवा भोसरीतील कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या अनेक चाचण्या घ्याव्या लागतात. वीजपुरवठा देणारी आणि व्होल्टेज मोजणारी उपकरणे त्यासाठी टेबलावर मांडलेली असतात. प्रत्येक नगासाठी माणसाने बटणे दाबत बसणे परवडत नसल्याने हे काम संगणकाकडे सोपविले जाते. संगणक या उपकरणांशी बहुधा ज्या भाषेत बोलतो, तिला 'स्टँडर्ड कमांड्स फॉर प्रोग्रॅमेबल इन्स्ट्रुमेंट्स', थोडक्यात 'स्किपी' म्हणतात.

संगणक आणि उपकरण यांना जोडणाऱ्या तारेचे 'आयईईई ४८८' हे मानक १९७५ मध्ये ठरले. मात्र, तारेवरून जाणारे शब्द प्रत्येक कंपनीचे वेगळेच राहिले. मल्टिमीटर दुसऱ्या कंपनीचा घेतला, की आज्ञावली नव्याने लिहिणे आले. १९८७ च्या '४८८.२' मानकाने काही आज्ञा समान केल्या आणि १९९० मध्ये प्रमुख उत्पादकांनी एकत्र येऊन 'स्किपी' जाहीर केली.

या भाषेची रचना पत्त्यासारखी आहे. पुण्यात नुसते 'वडगाव' म्हटले, तर शेरी, बुद्रुक की मावळ, असा प्रश्न पडतो. त्याचप्रमाणे नुसते 'व्होल्टेज' म्हटल्यास ते द्यायचे की मोजायचे, हे स्पष्ट होत नाही. म्हणून आधी मोठा विभाग, मग पोटविभाग, असा क्रम असतो आणि दोहोंमध्ये अपूर्णविराम येतो. 'सोर्स:व्होल्टेज १२' म्हणजे १२ व्होल्ट द्या, 'मेझर:व्होल्टेज:डीसी?' म्हणजे एकदिश व्होल्टेज मोजून सांगा. शेवटी प्रश्नचिन्ह असेल, तरच उपकरण उत्तर देते. '*आयडीएन?' असे विचारल्यास ते उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक आणि अंतर्गत आज्ञावलीची आवृत्ती कळविते.

खरा धोका चुकीच्या आज्ञेत आहे. अशी आज्ञा मिळाल्यास उपकरण संगणकाला आपणहून काही कळवीत नाही. चूक आपल्या यादीत नोंदवून ठेवते. 'सिस्टीम:एरर?' असे विचारले, तरच ती समजते. न विचारल्यास १२ व्होल्ट दिले गेले, असे संगणक गृहीत धरतो. प्रत्यक्षात आधीचाच दाब कायम असतो आणि सदोष भागही 'उत्तीर्ण' ठरू शकतो.

समाईक भाषेमुळे सर्व अडचणी संपल्या, असेही नाही. खास सुविधांसाठी प्रत्येक उत्पादक स्वतःच्या आज्ञा जोडतो. त्यामुळे उपकरण बदलताना आज्ञांची पुस्तिका तपासावीच लागते. तरीही व्याकरण एकच असल्याने आज्ञावलीचा बराच भाग तसाच वापरता येतो. एकाच कंपनीच्या उपकरणांवर अवलंबून राहणे न परवडणाऱ्या लघुउद्योजकासाठी ही बाब महत्त्वाची आहे.