हॉटेलची बादली, शेताचा खड्डा

परतवाडा म्हणजे मेळघाटचा उंबरठा. चिखलदऱ्याला जाणारा असो की सेमाडोह-धारणीकडे निघालेला, घाट चढण्यापूर्वी तो इथे चहाला टेकतोच. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तर रस्त्याच्या कडेच्या हॉटेलांना आणि ढाब्यांना उसंत नसते. ती चालवणारे पुष्कळदा शेतकऱ्याच्याच घरातले असतात. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुणाचा शेजारी. म्हणून वाचकहो, हा विषय तुमच्या घरचा आहे.

गिऱ्हाईक जेवून घाटात निघून जाते. मागे काय उरते? उष्टे अन्न, चहाची पत्ती, कांद्याची टरफले, काळे पडलेले तेल, कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या. हे सारे एकाच टोपलीत पडते आणि टोपली नाल्याच्या काठी रिकामी होते. तिथे गावची ढोरे तोंड घालतात. अन्नाच्या वासाने पिशवीही गिळतात. प्लास्टिक पोटात पचत नाही. त्याचा गोळा साचत जातो, रवंथ मंदावते आणि दुभती गाय खंगत जाते.

तीन बादल्या

उपाय महाग नाही. ताट उचलतानाच वेगळे करायचे. एका बादलीत शिजलेले उष्टे, दुसरीत भाजीचा कच्चा कचरा आणि चहापत्ती, तिसरीत प्लास्टिक, काच व पत्र्याचे डबे. एकदा सगळे कालवले गेले की ते कुणाच्याच कामाचे राहत नाही. वेगळे राहिले तर पहिल्या बादलीतून गॅस निघतो, दुसरीतून खत होते आणि तिसरी भंगारवाला नेतो.

इथे एक सावधगिरी हवी. उरलेला भात आणि पोळ्या गाईपुढे एकदम ओतू नका. असे पिठूळ अन्न पोटभर मिळाले की जनावराच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि वेळेवर इलाज झाला नाही तर जनावर दगावते. पुण्य म्हणून घातलेला घास असा उलटतो.

उष्ट्यावर शिजणारा चहा

शेणाचा गोबरगॅस तुम्हाला ठाऊक आहे. तसाच गॅस उष्ट्या अन्नातूनही निघतो, आणि वजनाच्या मानाने शेणापेक्षा पुष्कळ जास्त. कारण शेण म्हणजे जनावराने आधीच सत्त्व काढून घेतलेला चारा, तर भातात ते सत्त्व शिल्लक असते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली असे छोटे संयंत्र तयार केले. त्या कामाला २००६ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

हिशेब सोपा आहे. रोज २० किलो उष्टे निघत असेल तर साधारण २ घनमीटर गॅस मिळतो. तो जवळजवळ १ किलो सिलिंडरच्या गॅसाइतके काम करतो. म्हणजे तीन आठवड्यांत १९ किलोचा एक व्यापारी सिलिंडर वाचला. वर मिळणारी मळी शेताला. मात्र संत्र्याच्या साली या टाकीत घालू नका. सालीतल्या तेलाने गॅस करणारे जंतू मंदावतात. आपल्या संत्र्याच्या मुलखात रसाच्या दुकानांतून साली भरपूर निघतात. त्यांची जागा खताच्या खड्ड्यात. बारीक करून, शेण-मातीचा थर देऊन त्या कुजवाव्यात.

तेल आणि पाणी

कचोरी-आलुबोंड्याच्या कढईतले तेल पुन्हा पुन्हा तापले की खराब होते. त्यातल्या बिघडलेल्या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तेल दाट झाले, फेस मोडेनासा झाला, लवकर धुरावू लागले, की समजा त्याचे दिवस भरले. ते मोरीत ओतू नका, नाली तुंबते. डब्यात साठवून बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्यांना विका.

पाण्याचेही तसेच. दिवसाला ४०० गिऱ्हाइकांनी अर्धा-अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर जरी टाकले, तरी ४० लिटर पाणी गेले. उन्हाळ्यात ज्यांच्या बायाबापड्या हंडे वाहतात त्यांना या ४० लिटरचे मोल सांगायला नको. टेबलावर तांब्या ठेवा. ज्याला जेवढे हवे तेवढे तो घेईल.

पळसाचे पान

राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. दुकानदार त्याऐवजी कागदी पेले घेतो, पण त्यांनाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरा पर्याय म्हणजे विसळता येणारा स्टीलचा किंवा काचेचा पेला, आणि गर्दीच्या दिवशी पळसाची पत्रावळ. पळस आपल्या बांधावर आहे. पत्रावळी लावणारे हात आपल्या गावात आहेत. हॉटेलवाल्याने आधी सांगून ठेवले तर हंगामात दोन पैसे घरात येतील, आणि वापरलेले पान थेट खड्ड्यात जाईल.

सुरुवात कशी करावी?

पहिला आठवडा काहीच विकत घेऊ नका. फक्त रोज रात्री उष्ट्याची बादली तोलून वहीत मांडा. कोणता पदार्थ जास्त उरतो ते कळेल. मग तो कमी शिजवा, अर्धी ताटली ठेवा. न शिजवलेल्या अन्नाची बचत सर्वांत मोठी, कारण त्यात धान्य, तेल, गॅस आणि राबणाऱ्या बाईचे श्रम, सगळेच वाचते.

दुसऱ्या आठवड्यात जवळच्या हॉटेलवाल्याशी बोला. वेगळी केलेली बादली तुम्ही न्यायची, बदल्यात हंगामात ताजी भाजी द्यायची. लेखी करार नको, शब्द पुरे. बादलीत एक जरी पिशवी सापडली, तर मात्र ती त्याच दिवशी परत दाखवा. पुढच्या वेळी ताट उचलणारा पोरगा आपणहून ती बाजूला काढील.