गाडी बोटीवर चढवावी की वळसा घ्यावा?

कोकण पाहायचं म्हणून आम्ही बोरगाव मेघेच्या बाया पै-पै जोडतो आहोत. भाड्याच्या गाडीनं जायचं, तर वाटेतल्या खाड्यांचं काय? तिथं गाडीच बोटीवर चढते. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात.

दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून वाशिष्ठीच्या खाडीत चालते. दापोलीहून गुहागरला जाताना चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. तिला साधारण तासभर लागतो. भाडंही खाडीतल्या फेरीपेक्षा बरंच जास्त.

मग परवडतं काय? नुसतं गाडीचं तिकीट पाहू नका. माणसांचं तिकीट वेगळं असतं, ते त्यात मिळवा. दुसरीकडे वळशाचे किलोमीटर मांडा, कारण भाड्याची गाडी किलोमीटरवर पैसे घेते. बोटीचा आकडा कमी आला, तरच बोट.

शेवटची फेरी किती वाजता, हे आधी विचारून घ्या. ती चुकली, तर वळसा आणि मुक्काम दोन्ही डोक्यावर. पावसाळ्यात पाणी खवळलं की फेऱ्या थांबू शकतात.

हा हिशेब वहीत लिहा, बैठकीत वाचा, मगच ठरवा. पैसा सगळ्यांचा आहे.