मीटरवर बारा, पंपाला नऊ

शहाद्याहून तोरणमाळला निघालेली गाडी सातपायरी घाटाला लागली की वळणावळणावर गिअर बदलावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीपर्यंतची ही चढण. क्लचचं पेडल नसलेल्या ‘एएमटी’ गाडीत हे काम चालकाच्या हाताऐवजी यंत्र करतं. मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओबरोबर ही सोय स्वस्त गाड्यांत आणली. त्या यंत्राच्या पोटात विजेवर चालणारा एक छोटा हायड्रॉलिक पंप असतो. तो तेलावर दाब निर्माण करतो आणि त्या दाबाने क्लच सुटतो, गिअर पडतो. चालकाचं दार उघडताच ऐकू येणारी बारीक घरघर या पंपाचीच.

तेलाच्या दाबाने गाडीचे अवयव हलवायचे ही कल्पना फ्रेंच सित्रोएन कंपनीने सस्पेन्शनसाठीही वापरली. १९५५ च्या तिच्या ‘डीएस’ गाडीत स्प्रिंगांच्या जागी नायट्रोजन आणि तेल भरलेले गोळे होते. पंप मात्र इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. २००१ च्या ‘सी-५’ गाडीत त्याला स्वतंत्र विजेची मोटर मिळाली. तशा गाड्या आपल्या रस्त्यांवर जवळपास नाहीतच. पण एबीएस ब्रेकमध्येही मोटरवर चालणारा पंप असतो, आणि एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे नवापूर, तळोदा, धडगावच्या अंगणात उभ्या असलेल्या नव्या मोटारींत असा एक तरी पंप आहेच. काम वेगळं असलं, तरी त्यांचे विजेचे दोष सारखेच.

पंप रुसला की स्कॅनर लावला जातो, ‘पंप सर्किट’ असा काहीतरी कोड येतो आणि ‘पंप गेला’ असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा आहे. कोड सर्किटबद्दल बोलतो. सर्किटमध्ये बॅटरी, फ्यूज, रिले, कपलर, वायरी आणि बॉडीची अर्थ हे सगळं आलं. पंप हा त्यातला फक्त एक आणि सर्वांत महाग भाग.

यावर पुष्कळ जण मल्टिमीटर काढतात. पंपाचा कपलर सोडवून टोकं लावली की मीटर बारा व्होल्ट दाखवतो. ‘करंट पोचतोय, म्हणजे पंपच खराब.’ चूक होते ती इथेच. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षांश भागाएवढा. एवढ्याशा प्रवाहाला कळकलेला सांधाही अडवत नाही, म्हणून आकडा पूर्ण दिसतो. पंप फिरताना ३० अँपिअर ओढतो असं धरू, आणि अर्थच्या नटाखाली गंज चढून फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला आहे असं समजू. ओहमच्या नियमाने त्या एका सांध्यावर ३ व्होल्ट खर्च होतात. पंपाच्या वाट्याला येतात ९. शिवाय त्या नटाखाली ९० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नलाही साधारण एवढी लागत नाही.

पुढचं नुकसान हळूहळू होतं. तेलाचा दाब तेवढाच असल्याने मोटरला जोर तेवढाच लावावा लागतो, प्रवाहही जवळपास तेवढाच ओढला जातो. व्होल्टेज कमी पडल्याने फिरण्याचा वेग मात्र घटतो. जो दाब क्षणात चढायचा, त्याला वेळ लागतो. मोटर जास्त वेळ चालते, तापते, तिचे कार्बन लवकर झिजतात. उन्हाळ्यात चाळीसच्या पुढचा पारा आणि त्यात बॉनेटखालची धग, म्हणजे तांब्याचा रोधही वाढलेला: २० अंशांवरून ८० वर गेल्यास जवळजवळ पाव पट. शेवटी पंप खरोखरच जळतो. नवा बसवला आणि अर्थ तशीच ठेवली, तर तोही त्याच वाटेने जातो.

म्हणून मोजमाप पंप चालू असताना करायचं. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं पंपाच्या प्लसवर. आता मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. मग लाल टोक पंपाच्या अर्थ टोकाला आणि काळं बॅटरीच्या मायनसला. कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या वाटेवर आहे. ती वाट अर्धी अर्धी करत गेलं की सांधा सापडतो. बहुतेक वेळा तो बॉडीला कसलेला अर्थचा नट, पाणी शिरलेला कपलर किंवा रिलेचे काळवंडलेले पॉइंट असतात. शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायरही विसरू नये.

जुने वायरमन हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून तपासतात. ही पद्धत शास्त्राला धरून आहे, कारण बल्ब पाच अँपिअर ओढतो आणि खराब सांध्यावर मंद पेटतो. किरकोळ दोष त्यातून निसटतात, हे खरं. मात्र सेन्सर किंवा कॉम्प्युटरच्या वायरीला हा बल्ब कधीही लावू नये. तेवढा प्रवाह त्यांना सोसत नाही.

दोन्ही वाटा स्वच्छ, पंपाच्या टोकाशी पूर्ण व्होल्टेज, तरी मोटर गप्प? मग दोष मोटरचाच. हलकी थाप मारल्यावर ती फिरली तर कार्बन संपत आले आहेत. पंपापर्यंत काहीच पोचत नसेल तर फ्यूज आणि रिलेला मिळणारा हुकूम तपासायचा. बॅटरी अशक्त असल्याने कॉम्प्युटरनेच पंप थांबवलेला असू शकतो.

एक दोष खास फसवा. एएमटीत पंपाने चढवलेला दाब साठवणारी एक छोटी टाकी असते. तिच्यातला नायट्रोजन गळाला की साठा टिकत नाही आणि पंप सारखा चालू-बंद होऊ लागतो. प्रत्येक वेळी रिलेच्या पॉइंटवर ठिणगी पडते. एक दिवस पॉइंट चिकटतात, पंप थांबत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. इथे रिले बदलून काही दिवस निभतं, पण मूळ दुखणं वायूच्या गळतीत आहे. दोन दाबांमधला पंपाचा विसावा किती सेकंद टिकतो, हे घड्याळ लावून पाहिलं तर ते कळतं.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालणं तेवढं करू नका. फ्यूज वाचला तरी वायर पेटते. आणि पंप बदलायला सांगितलं, तर पैसे देण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: पंप चालू असताना दोन्ही बाजूंना किती व्होल्ट हरवत होते? तो आकडा त्याने सांगितल्याशिवाय नवा पंप घेऊ नका.