वर्तुळ तुटते तेव्हा

दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत आलेल्या मजुराला ‘लाइन बंद आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून ही लाइन कशी चालते, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

गावोगाव प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यात ही तार तालुक्यापासून गावापर्यंत फांदीसारखी गेली. फांदी तुटली की पुढचे गाव मुके! म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेने वर्तुळाकार रचना स्वीकारली. एका अंगाने तार तुटली तर दुसऱ्या अंगाने निरोप जावा, हा तिचा हेतू.

पण दुसरी वाट असणे निराळे आणि ती वेळेवर सापडणे निराळे. समजा, वाशीम, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि पुन्हा वाशीम असे वर्तुळ आहे. रस्ता खोदताना वाशीम–मंगरुळपीर तार तुटली. आता वाशीमचा निरोप मानोरा-कारंज्यावरून न्यावयाचा. वाट ठरविणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. त्याला तीन कामे असतात: तार तुटल्याचे ओळखणे, ते इतरांना कळविणे आणि नवी वाट काढणे.

बहुधा वेळ जातो तो ओळखण्यात. राउटरपाशी येणारा प्रकाशच मावळला, तर त्याला तत्काळ समजते. पण मध्ये दुसरे यंत्र असेल, तर अलीकडची बाजू उजळलेलीच राहते आणि शेजाऱ्याच्या मौनावरून अनुमान करावे लागते. ‘ओएसपीएफ’ पद्धतीत शेजारी सामान्यतः दर १० सेकंदांनी हाक देतो. ४० सेकंद हाक आली नाही, की तो गेला असे धरतात. ‘रिप’ या जुन्या पद्धतीत १८० सेकंद थांबतात. ही मुदत फार आखडली, तर क्षणिक अडथळ्यानेही वाटा उगाच बदलत राहतात.

कळविण्यातही भेद आहे. रिपमध्ये शेजारी सांगेल ते खरे मानावयाचे; त्यामुळे शिळी बातमी फिरते आणि निरोप मधेच हेलपाटे घालतो. ओएसपीएफमध्ये प्रत्येकाजवळ सगळा नकाशा असतो. कामगार संघटनेचा अनुभवही हाच: कानोकानी गेलेली हाक वाटेत बदलते, प्रत्येक शाखेकडे तेच परिपत्रक असले की गोंधळ टळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाट फिरली की लोकांना तुटलेली तार जाणवत नाही. ती वेळीच जोडली नाही, तर दुसरा घाव बसताच मधली गावे पुन्हा मुकी होतात, आणि मजुराचा रोज बुडतो तो तेव्हा. म्हणून वर्तुळ पुरे झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. एक तार मुद्दाम बंद करून पाहिली काय, किती सेकंदांत वाट फिरली, आणि तुटलेली तार किती दिवसांत जोडली जाते, हे तीन प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारावेत.