वैतरणेच्या काठी चार दिवस



दर अंकात मी बेणेप्रक्रिया आणि खतांचे हप्ते सांगतो. या वेळी सुट्टीची हकिगत ऐका. यंदा पट्टा पडल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "अहो, पंधरा वर्षं तुमचा मे महिना खोडव्याच्या नोंदीतच जातोय." मुद्दा बिनतोड होता. मग घोटीवरून पुढे, मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या बाजूला, वैतरणा धरणाच्या काठी एक कौलारू घर चार दिवसांसाठी भाड्याने घेतले. किराणा खोडाळ्याहून आणायचा, चुलीवर नागलीची भाकरी आणि पाण्याकडे तोंड करून ओसरीवर बसायचे. फोनला रेंज नाही. ऊसतोडीची तक्रार नाही. पहिल्या दिवशी मी दुपारचा तीन तास झोपलो. असे कधी झाले ते आठवत नाही.

वडील मात्र पाणी बघून अस्वस्थ. "अरे, दोन मोटारी टाकल्या तर किती आडसाली निघेल इथं!"

त्यांना समजावले. हे धरण १९७३ चे. याचे पाणी वीजघरातून खाली उतरते, मध्य वैतरणेतून १९५७ च्या मोडकसागरात जाते आणि तिथून मुंबईच्या नळाला. पाऊस इथे आपल्या चौपट, पण उतार आणि कातळ. पडला की वाहून गेला. उन्हाळ्यात मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो.

आमच्या घराचीही बोअर आटलेली. राखणदार बाबांची सून विहिरीवरून हंडे आणायची. एका पहाटे आमची धाकटी तिच्याबरोबर कळशी घेऊन गेली ती सव्वा तासाने आली. येताना निम्मे पाणी हिंदकळून सांडले म्हणून डोळ्यांत पाणी. मी बाबांना म्हटलं, "समोर एवढा तलाव, आणि हे काय?" ते म्हणाले, "ते पाणी बघायचं, साहेब. प्यायचं विहिरीत हाय, ते बी तळाला."

त्यांचा राब भाजून झाला होता. पाचट जाळू नका म्हणून मी गावोगाव ओरडतो, तेव्हा राहवले नाही. ते हसले. "न्हाय भाजलं तर रोपापरास गवातच वर येतं." उतारावरच्या नागलीचे गणित वेगळे, मी गप्प बसलो.

त्या रात्री ओसरीवर हिशेब केला. उसाला अडीच हजार मिलिमीटर पाणी पाटाने दिले, तर एकरी एक कोटी लिटर होते. ठिबकवर साधारण निम्मे वाचते. हे आकडे मी मेळाव्यांत पाठ म्हणतो. पण खरे सांगायचे तर माझा स्वतःचा दीड एकर खोडवा अजून पाटपाण्यावरच आहे. वडील म्हणाले, "आता कळलं होय!" सौभाग्यवती काही बोलली नाही. तेवढी सुट्टीची गोडी राखली तिने.

बाकी दोन दिवस मजेत गेले. पोरांनी काठाला खेकडे धरले, वडिलांनी बाबांकडून वरईचे मूठभर बी मागून घेतले. निघताना बाबा म्हणाले, "पावसात या, समदा डोंगर हिरवा असतो." पावसात आमच्या आडसालीच्या लागणी.

आल्यावर ठिबकचा अर्ज भरला, पहिला माझाच. कोरे अर्ज गट ऑफिसात आहेत; येताना सातबारा आणि आठ-अ सोबत आणावा.