भात-भाकरी सोडावी काय?

शहरातून सुटीला आलेली मुले हल्ली आईवडिलांना सांगतात, "भात बंद करा, भाकरी बंद करा, साखर उतरेल." काहींनी तसे केलेही आहे. म्हणून या वेळी शेताऐवजी ताटाचा विचार करू.

धान्य, गूळ, बटाटा, रताळे यांत पिष्टमय व गोड अंश अधिक. पचल्यावर त्याची साखर होऊन ती रक्तात उतरते. तो कमी खाल्ला की रक्तातील साखर कमी चढते, हे खरेच आहे. कल्पनाही जुनी. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवले व १८६३ साली त्यावर पुस्तिका छापली.

पण लाभ किती? पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यात बरेचसे पाणीच असते. अंगात साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा सरला की तेही जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. पिष्ट कमी खाणाऱ्यांचे सरासरी ६ किलो उतरले, तेलतूप कमी खाणाऱ्यांचे ५.३ किलो. फरक नावापुरताच.

तेव्हा खरा प्रश्न असा, की धान्य काढले त्या जागी ताटात काय आले? त्याच वर्षी अमेरिकेतील पंधरा हजारांवर लोकांच्या दीर्घ नोंदी तपासल्या गेल्या. निम्म्याच्या आसपास ऊर्जा पिष्टातून घेणाऱ्यांत मृत्यू सर्वांत कमी आढळले. धान्याच्या जागी मांस वाढवणाऱ्यांत ते जास्त, तर डाळी, शेंगदाणे वाढवणाऱ्यांत कमी. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, तरी दिशा कळते.

आपले ताट मात्र दुसऱ्या टोकाला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टातूनच येते असे दिसले. नुसता पांढरा भात सोडून तेवढ्याच नाचणीच्या वा गव्हाच्या भाकऱ्या-चपात्या खाल्ल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही, हेही लक्षात घ्यावे. एकूण माप उतरायला हवे. तीन भाकऱ्यांऐवजी दोन, आणि सोबत मटकी-कुळथाची वाटीभर उसळ, दही, परवडल्यास बांगडा. धान्य पार तोडण्याची गरज मला दिसत नाही. दिवसभर चिखलणी करणाऱ्याला तर नाहीच. (धान्य सोडले म्हणणारे कित्येक जण चहातली साखर मोजत नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

आता जिथे जिवाशी गाठ आहे ते सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याने आपल्या मनाने धान्य तोडले, तर औषध साखर खाली ओढतच राहते. घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर तर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची खूण. म्हणून आधी डॉक्टरांना विचारून गोळीचे माप बदलून घ्यावे. गरोदर स्त्रियांनी व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी विचारल्याखेरीज हा आहार करूच नये.

इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्याने शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. थरथर सुटताच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी व जरा वेळाने काही खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे.