‘इंजिनला पाना लागलेला नाही’

‘सिंगल हँड, पेपर क्लिअर, इंजिनला पाना लागलेला नाही. फक्त खऱ्या ग्राहकाने फोन करावा.’ जुन्या गाडीची ऑनलाइन जाहिरात बहुधा एवढ्यावरच आटोपते. समजा, छत्रपती संभाजीनगरातल्या पडेगावच्या एखाद्या माणसाने ही जाहिरात पाहून चिकलठाण्याकडच्या अनोळखी मालकाकडून डिझेल स्विफ्ट घेतली. पैसे दिले, पाचशेच्या स्टँपवर नोटरी केली, गाडीला हार घातला. पंधरा दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. मेकॅनिकने चालू इंजिनची डिपस्टिक उपसली, नळीतून फसफसत येणारी वाफ दाखवली आणि निकाल दिला, ‘रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागेल.’ विकणाऱ्याचे उत्तर ठरलेले: ‘मी दिली तेव्हा ठणठणीत होती.’

असे भांडण घेऊन माणूस वकिलाकडे जातो, तेव्हा त्याचा सगळा भर इंजिन किती खराब आहे यावर असतो. कायदा मात्र आधी दोन वेगळ्याच गोष्टी विचारतो. विकणारा कोण होता? आणि विकताना तो काय बोलला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९३० च्या माल विक्री कायद्यात आहे. माल चालण्याजोगा असेल, ही न बोलता दिलेली हमी कलम १६ प्रमाणे त्या मालाचा धंदा करणाऱ्याला लागू होते. आपली एकच गाडी विकणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला ती लागू होत नाही. ग्राहक आयोगाचीही तीच अडचण. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घराजवळच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पण समोर व्यापारी लागतो. २०२० चे ई-कॉमर्स नियमही वैयक्तिक व्यवहार बाजूला ठेवतात. ब्रिटनमध्येही थोडेफार असेच आहे. तिथे व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते, खासगी विक्रेत्याला मात्र वर्णन खोटे ठरले तरच धरता येते.

म्हणून ‘घरगुती मालक’ खरोखर घरगुती आहे का, हे आधी पाहावे. त्याच नंबरवरून आणखी चार गाड्या विकायला असतील, आरसी बुकावर तिसऱ्याचेच नाव असेल, तर हा मालक नव्हे, डीलर आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट वेळीच घेतले, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडू शकतो. व्यवहार फिसकटल्यावर त्या जाहिराती सर्वांत आधी गायब होतात.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे आणि त्यात एक घोडा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ खाली फसवणूक समजावताना उदाहरणे दिली आहेत. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढच्या एका उदाहरणात ‘ब’ आधीच सांगून ठेवतो, ‘तू नाही म्हटलं नाहीस, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन.’ आता ‘अ’ गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्याबरोबर आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा आजच्या व्हॉट्सॲपवर जसाच्या तसा चालतो. पैसे देण्याआधी एक मेसेज टाकायचा: ‘इंजिन कधी खोललं आहे का? गाडी ऑइल खाते का? गरम होते का? तसं काही असेल तर सांगा, नाहीतर नाही असं समजून मी घेतोय.’ विकणारा ‘बिनधास्त घ्या’ म्हणो वा नुसत्या दोन निळ्या टिका दिसोत, खरेदीदाराच्या हाती काहीतरी लागते. नोटरीत ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ हे वाक्य असतेच. पण जाणूनबुजून मारलेली थाप त्या वाक्याआड सहसा लपत नाही.

मेसेज कोर्टात टिकतो का? या प्रश्नावरचा देशातला महत्त्वाचा निकाल शेजारच्या जालन्याच्या वादातून आला. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर तिथे २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर घेतला गेला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० ला न्यायालयाने सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर त्याची गरज नाही. आज हीच तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली आहे. गाडीचे भांडण चालू असताना जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देऊन टाकणारे लोक पाहिले की हसावे की रडावे कळत नाही.

मुळात भांडणाची वेळच का यावी? घेण्याआधीच इंजिन नीट पाहावे. डिझेल स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो या सगळ्यांत फियाटच्या घराण्यातले १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन. पुण्याजवळ रांजणगावात आणि हरियाणात मानेसरला ते बनायचे. २०२० मध्ये बीएस-६ आले आणि ते बंद झाले. इंजिन दणकट, पण ऑइल वेळेवर न बदलल्यास त्याची टायमिंग चेन आणि टर्बो भोगतात. विकायच्या आठवड्यात जाड ऑइल ओतले की धूर काही दिवस दबतो. त्यामुळे गाडी पाहायला जाताना ‘तापवून ठेवू नका’ असे आधीच सांगावे. बॉनेटला हात लावून ती गार आहे ना बघावे आणि मगच चावी फिरवावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

टेस्ट ड्राइव्हच्या बाबतीत पडेगावकर नशीबवान. शहरात दोन चकरा मारण्यापेक्षा मिटमिट्यावरून गाडी दौलताबादकडे काढावी. रविवारी किल्ल्याच्या दिल्ली दरवाजापाशी वाहतूक तुंबते. तिथे एसी लावून टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवावी. पुढे खुलताबादचा घाट चढताना पिकअप कळतो आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला, की मागे निळा ढग उठतो का हे आरशात दिसते. सोबत मेकॅनिक असावा. तो पाचशे-हजार घेईल, पण साधी खबरदारी घेतली असती तर दोष कळला असता, असा मुद्दा करार कायद्याच्या कलम १९ च्या आधारे समोरचा मांडू शकतो. त्याला मेकॅनिकची भेट हे चांगले उत्तर आहे.

इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहणे मात्र कुणाला सुचत नाही. बदललेल्या इंजिनची नोंद मालकाने चौदा दिवसांत आरटीओत करायची असते. नंबर जुळत नसेल, तर इंजिन चोरीचे असण्यापर्यंत शंका जाते आणि तिथे ग्राहक आयोग नव्हे, पोलीस ठाणे गाठावे लागते. जाणीवपूर्वक ठकवल्याचा पुरावा असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. पण ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवले जाण्याची तयारी ठेवावी.

भांडण पेटले, की घेणारा हमखास एक खेळी करतो. पैसे परत मिळेपर्यंत गाडी नावावर करायची नाही. विकणाऱ्यासाठी ही साधी कटकट नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे गेली होती, २००९ मध्ये तिने अपघात केला आणि नुकसानभरपाई आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव राहिले होते, त्या पहिल्या मालकाच्याच माथी आली. म्हणून गाडीची चावी दिल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला विक्री कळवून पोच घेणे, हे विकणाऱ्याच्या फायद्याचे काम आहे, मग इंजिनला पाना लागलेला असो की नसो.